सहा जूनला तिथे कोण असतं?

पुण्यात निसर्गाच्या कार्यक्रमांची वानवा नाही. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन, फेब्रुवारीत पक्षिगणना, १४ मार्चला नद्यांचा दिवस, २० मार्चला चिमण्यांचा, ५ जूनला पर्यावरणाचा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह, आणि ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. मधल्या रविवारी वृक्षफेऱ्या, नदीफेऱ्या, फुलपाखरांच्या फेऱ्या, प्लास्टिक गोळा करायच्या मोहिमा असतातच. एखाद्याने मनावर घेतलं तर त्याचा वर्षातला एकही सुट्टीचा दिवस घरी जाणार नाही. मी यातल्या बहुतेक कार्यक्रमांना गेले आहे. शाळेत जीवशास्त्र शिकवत असताना त्यातले काही भरवलेही आहेत. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते बाहेरून पाहून लिहीत नाही.

माझं म्हणणं असं आहे: ज्या कार्यक्रमानंतर तीच माणसं त्याच जागी पुन्हा येणार नाहीत, त्याला निसर्गशिक्षण म्हणू नये. शाळांनी त्यासाठी मुलांचा रविवार घेऊ नये, आणि महापालिकेने व कंपन्यांनी त्यावर पैसा खर्च करू नये. हे कठोर वाटेल. पण मी या मतावर एका दिवसात आलेले नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी आमच्या कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडीवर चढणाऱ्या उतारावर मोठं वृक्षारोपण झालं. तीनशेच्या आसपास माणसं, एका रंगाचे टी-शर्ट, टेम्पोतून आणलेली रोपं, आदल्या दिवशी खणून ठेवलेले खड्डे. मला शाळेतली मुलं घेऊन यायला सांगितलं होतं. मी चाळीस मुलं नेली. मुलांनी चिखलात हात घातले, रोपाला नाव दिलं, फोटो काढले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, ते नाकारत नाही. खाली उतरताना सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आपण माझ्या झाडाला पाणी घालायला कधी यायचं?" मी आयोजकांकडे पाहिलं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पुढच्या मे महिन्यात मी एकटी त्या उतारावर गेले. खड्ड्यांचे गोल ओळखू येत होते. बरीच रोपं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट लावलेली होती. मुळं पिशवीतच गुंडाळून वाळली होती. जगलेली मोजायला दोन हातांची बोटं पुरली. त्या मुलीला मी आजवर हे सांगितलेलं नाही.

पण रोपं मेली हा त्यातला लहान भाग. मोठी गोष्ट मला नंतर कळली, आणि ती त्या उतारावर वर्षभर जात राहिल्यामुळे कळली. ते खड्डे ज्या जागेत खणले होते ती रिकामी नव्हती. तिथे गवतं होती: कुसळी, पवन्या, मारवेल. पुण्याच्या टेकड्या म्हणजे दाट जंगल नव्हे. विरळ झाडी आणि मधे गवत, हेच त्यांचं मूळ रूप. धावडा, सालई, मोई, मेडशिंगी, हेकळ, पळस अशी आडदांड, कमी पाण्यात तगणारी झाडं, आणि त्यांच्यामधे गुडघाभर गवताचे पट्टे. या गवतात तित्तर अंडी घालतो, चंडोल घरटं करतो. जून उजाडताच जमिनीला चिकटलेल्या पानांची आषाढ आमरी वर येते आणि पांढरं फूल देऊन महिन्याभरात दिसेनाशी होते. ज्याने हा उतार फक्त एप्रिलमध्ये पाहिला, त्याला तो उजाड वाटतो. ज्याने तो फक्त जुलैतल्या एका रविवारी पाहिला, त्याला तो 'मोकळी जागा' वाटतो, आणि मोकळी जागा दिसली की हात कुदळीकडे जातो.

याच समजुतीतून टेकड्यांवर गिरिपुष्प आलं. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. बिया आणि साल उंदीर मारायला वापरतात म्हणून लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. झपाट्याने वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, माती धरून ठेवतं, म्हणून ते हजारोंनी लावलं गेलं. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, टेकड्या हिरव्या झाल्या हेही खरं. पण गिरिपुष्पाच्या सलग राईत शिरून पाहा. खाली गवत नाही, गवतातले किडे नाहीत, किड्यांवर जगणारे पक्षी नाहीत. फेब्रुवारीत ती गुलाबी फुलं फार सुंदर दिसतात. त्याच फेब्रुवारीत थोडं पुढे गेलं की पांगारा आणि काटेसावर फुललेली असतात आणि त्यांच्यावर मैना, बुलबुल, शिंजीर यांचा गलका असतो. दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी मुलांना फरक ऐकू येतो. त्याला भाषण लागत नाही.

राज्याने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडं लावण्याची लक्ष्यं ठेवली होती. आकडा दर वर्षी वाढत गेला, पण मोजायचं काय हे बदललं नाही: लावलेली रोपं. तीन वर्षांनी जगलेली किती, कुठल्या जातीची, आणि ती लावण्याआधी त्या जागेवर काय होतं, हे विचारायला माणूस त्या जागेचा ओळखीचा लागतो. एका दिवसासाठी आलेल्या तीनशे जणांमध्ये असा एकही नसतो. तसा एक जरी तिथे असता तर त्या जुलैत तो म्हणाला असता, "इथे नको, खाली रस्त्याकडेला लावा."

नदीकडे येते. मुठेच्या काठावर विठ्ठलवाडीला आणि औंधला रामनदी-मुळा संगमावर २०१४ साली सुरू झालेल्या 'जीवितनदी' या संस्थेची माणसं काम करतात. त्यांच्या उपक्रमाचं नाव आहे 'दत्तक घेऊ या नदीकिनारा', आणि मला त्यातला 'दत्तक' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दत्तक मूल वर्षातून एकदा भेटायला जायचं नसतं. काठाचा ठरावीक तुकडा घ्यायचा आणि तिथेच जात राहायचं. एकदा नदीवर गेलेल्या माणसाला नदी घाण दिसते, तो हळहळतो आणि घरी जातो. पन्नास वेळा गेलेल्या माणसाला दिसतं की फेस ठरावीक ठिकाणी येतो, वास ठरावीक वेळी वाढतो, अमुक नाला पावसाळा संपल्यावरही तेवढाच वाहतो म्हणजे त्यात सांडपाणीच आहे, आणि अमुक जागी राडारोड्याचे डंपर रात्री रिकामे होतात. पहिल्याकडे दुःख असतं, दुसऱ्याकडे तक्रारीत लिहिण्यासारखी तारीख आणि जागा असते.

निसर्गशिक्षण म्हणजे पक्ष्यांची नावं आणि झाडांचे गुणधर्म, एवढ्यावर आपण ते थांबवलं आहे, असं मला वाटतं. पुण्यात राहणाऱ्या मुलाला पूररेषा माहीत असायला हवी. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती लाल. नकाशावर या दोन रेघा असतात. काठावर उभं राहून "आत्ता आपण निळ्या रेषेच्या आत आहोत की बाहेर?" असं मुलांना विचारा. ती आधी पाण्याकडे बघतात, मग मागच्या इमारतींकडे, आणि मग गप्प होतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा ज्यांच्या घरात ते आलं, त्यांच्यातल्या किती जणांना घर घेताना ही रेषा कुणी दाखवली असेल?

आंबिल ओढ्याचं तर आणखी वाईट. नानासाहेब पेशव्यांच्या काळात या ओढ्याचा प्रवाह वळवला गेला. म्हणजे शहराने ओढ्याला हात लावला ही गोष्ट अडीचशे वर्षांहून जुनी आहे. नंतर त्याच्या काठावर भिंती आल्या, घरं आली, पात्र अरुंद झालं, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री एका पावसात ओढा आपली जागा मागायला आला. माणसं गेली, घरं गेली, गुरं गेली. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत त्या भागातल्या कित्येकांच्या लेखी तो ओढा म्हणजे 'नाला' होता. ओढ्याला नाला म्हणायला लागलो की त्याच्याकडे पाठ करून घर बांधता येतं. मी कुठल्याही शाळेत गेले की पहिला प्रश्न हाच विचारते: तुमच्या शाळेच्या मागून वाहतो त्याचं नाव काय? बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाला." नाव शोधायला मी त्यांना आजी-आजोबांकडे पाठवते. बरीच मुलं नाव घेऊन येतात.

पानशेत धरण फुटलं त्या १२ जुलै १९६१ च्या पुराची आठवण प्रत्येक जुन्या पुणेकर घरात आहे. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांना घेऊन पेठांतल्या गल्ल्यांमधून एक फेरी काढणं, हा मला कुठल्याही निसर्गशिबिराइतकाच मोलाचा निसर्गाचा धडा वाटतो. ही माणसं असेपर्यंतच तो घेता येईल.

पुन्हा पुन्हा त्याच जागी जाणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. एकदा पंढरपूर पाहून आलेल्याला कुणी वारकरी म्हणत नाही, वारी चुकवत नाही तो वारकरी. दोन्ही पालख्या दर वर्षी पुण्यात येतात आणि आपण ते पाहतो. देवरायांचंही तेच. माधव गाडगीळ आणि आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतले डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची पाहणी केली. १९७६ साली त्यांचा देवरायांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या राया टिकल्या होत्या त्या कुठल्या सरकारी कायद्याने नव्हे. गावाची जागा ठरलेली, देव ठरलेला, वर्षाची जत्रा ठरलेली आणि नियम ठरलेला: इथली काटकीही न्यायची नाही. जत्रा हा सामुदायिक कार्यक्रमच होता. पण तो त्या राईचा कार्यक्रम होता. उद्या दुसऱ्या राईत भरवता येईल असा नव्हता. आज आपण जे भरवतो ते कुठेही उचलून नेता येतं. तोच फलक, तीच शपथ, तेच टी-शर्ट, मागे टेकडी असो वा तळं.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते खरे आहेत.

पहिला आक्षेप वेळेचा. दर आठवड्याला, निदान दर महिन्याला त्याच जागी जायला माणसांना सवड कुठे आहे? दोन-दोन तास प्रवास करून नोकऱ्या करणाऱ्यांना हे सांगायला मलाही संकोच वाटतो. एका दिवसाच्या कार्यक्रमातूनच पुष्कळांची सुरुवात होते, हेही मान्य. कात्रजच्या सर्पोद्यानात सापाची कात हातात घेतलेल्या एखाद्या मुलाच्या मनात काय रुजतं ते कुणी सांगावं? मी स्वतः अशाच एका फेरीतून यात आले. म्हणून एकदिवसीय कार्यक्रम बंद करा असं मी म्हणत नाही. त्याच्या शेवटी, त्याच जागची पुढची तारीख जाहीर व्हावी, आणि त्या तारखेला निदान दोन माणसं तिथे हजर असावीत. तीनशेतले पाच आले तरी पुरे. पाच माणसं एका ओढ्यावर तीन वर्षं टिकली तर त्या ओढ्याला कुणीतरी आहे. आणि जिथे पुढची तारीख सांगताच येत नाही, तिथे पहिल्या तारखेचा खर्च कशासाठी, हा माझा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर. आपण नदीकाठ झाडायला लागलो की महापालिकेचं काम फुकट करून देतो, आणि प्लास्टिक बनवणाऱ्यांना मोकळं सोडतो. या आक्षेपापुढे मी बराच काळ निरुत्तर होते. आता माझं उत्तर असं आहे: उचलायचं ते मोजून उचलावं. पोत्यात भरण्याआधी ताडपत्रीवर ओतून वेगळं करावं. दुधाच्या पिशव्या किती, गुटख्याच्या पुड्या किती, देवाच्या फोटोंच्या चौकटी किती, थर्माकोल किती, कापड किती. विठ्ठलवाडीला अडकलेलं कापड आणि संगमावर अडकलेलं थर्माकोल एकाच उगमाचं नसतं, त्याचा उपायही एक नसतो. अशी बारा महिन्यांची यादी हातात असली की क्षेत्रीय कार्यालयात बोलणं बदलतं. "काठ घाण आहे" या वाक्याला "बघतो" हे उत्तर पुरतं. "गेल्या बारा महिन्यांत या पन्नास मीटरमध्ये अमुक ठिकाणाहून इतक्या पिशव्या आल्या, ही नोंद" या वाक्याला पुरत नाही.

या शहरात कचऱ्याची सगळ्यात पक्की माहिती कचरावेचक बायकांकडे आहे. त्या 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'च्या झेंड्याखाली १९९३ पासून संघटित आहेत, आणि 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था आपल्यातल्या लाखो घरांचा कचरा गोळा करते. नदीसफाईच्या किती मोहिमांमध्ये त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं जातं? बोलावलं, तर त्यांच्या दिवसाची मजुरी द्यायचं भान किती जणांना असतं?

हे मला आपल्या सगळ्या कार्यक्रमांबद्दल बोलायचं आहे. रविवारी सकाळी साडेसहा, जमायची जागा कुणाच्या तरी गाडीनेच गाठता येईल अशी, माहिती अर्धी इंग्रजीत, निरोप फक्त व्हॉट्सॲपच्या गटात. ज्या घरात बाईला सकाळी पाणी भरायचं असतं, डबे करायचे असतात, ती बाई तिथे येणार नाही. काठावरच्या वस्तीतली मुलं तर तिथूनच आपल्याकडे बघत असतात आणि आपण त्यांना हाक मारत नाही. पूर आला की पहिलं पाणी त्यांच्याच घरात शिरतं.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही टेकडीवर होतो. दहा-बारा जण, बहुतेकांच्या हातात मोबाइल, झाडाचा फोटो काढला की नाव सांगणारं ॲप. पायवाटेकडेला एक पिवळ्या फुलांचं झुडूप होतं आणि ॲप त्याचं लॅटिन नाव सांगत होतं. पौड रस्त्याच्या वस्तीतल्या एक मावशी पिशवी घेऊन वरून उतरत होत्या. थांबून त्या म्हणाल्या, "अहो बाई, टाकळा आहे तो. आता काय उपयोग, फुलला. कोवळा असताना खुडायचा, पहिल्या पावसाच्या पंधरा दिवसांत. चणाडाळ घालायची नि लसूण." मग त्यांनी पिशवीतला कुर्डू दाखवला, आणि गेल्या दोन वर्षांत तो कुठल्या उताराला यायचा बंद झाला, हेही सांगितलं. तो उतार आमच्या खड्ड्यांचा होता. आम्ही ज्याला निरीक्षण म्हणतो ते त्या वीस वर्षं करत होत्या, भाजीसाठी. तेव्हापासून आमच्या फेरीची वेळ मावशींना विचारून ठरते. साडेसहा त्यांना जमत नाही, नळ सात वाजता येतो.

नोंद हा शब्द मी वारंवार वापरते आहे, त्याचं कारण सांगते. प्रकाश गोळे यांनी १९८२ साली पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी सुरू केली आणि मुळा-मुठेच्या पक्ष्यांचा अभ्यास केला. अशी जुनी यादी असते म्हणूनच आज "इथे पूर्वी काय होतं" या प्रश्नाला भावनेपलीकडचं उत्तर देता येतं. पाषाण तलावावर किंवा कवडीपाटला हिवाळ्यात येणारे पक्षी कमी झाले असं नुसतं म्हटलं तर समोरचा म्हणतो, तुम्हाला तसं वाटतं. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पाणपक्ष्यांना उथळ काठ लागतो, काठाला उभी भिंत घातली की ते येत नाहीत. हे भिंत घालण्याआधीच्या आणि नंतरच्या हिवाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसतं. नदीकाठ सुधारण्याचे मोठमोठे आराखडे या शहरात मंजूर होतात. त्यांच्यावर बोलताना नागरिकांच्या हातात काय असतं? बहुतेक वेळा एक निवेदन आणि पुष्कळशी कळकळ.

आणि नोंदीला ठेवायची जागा कायद्यानेच करून दिली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या सहभागाने केलेली जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. महापालिका दर वर्षी पर्यावरण अहवाल काढते. माझी मागणी अगदी साधी आहे. ज्या गटाने शहरातल्या एका जागेवर सलग वर्षभर, महिन्यातून निदान एकदा जाऊन नोंदी केल्या, त्याचं एक पान या अहवालात छापावं. जागेचं नाव, नकाशा, काय दिसलं, काय दिसेनासं झालं, कुठल्या तक्रारी केल्या आणि त्यांचं काय झालं. फक्त एक पान. आज त्या अहवालात कार्यक्रमांचे फोटो असतात. त्या जागी हे पान आलं, तर मुलांची वही पहिल्यांदाच सरकारी कागद होईल.

पैशाचीही वाट आहे. पुण्यात २००६ पासून सहभागी अंदाजपत्रक आहे. नागरिक आपल्या प्रभागातली कामं सुचवू शकतात. बाकं, फरशा, नामफलक यांची मागणी करणारे अर्ज आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ओढ्याच्या काठी देशी गवत राखण्यासाठी कुंपण नको, नुसता "इथे राडारोडा टाकू नये, तक्रार या क्रमांकावर" असा फलक आणि रात्रीचा एक पहारेकरी, असा अर्ज करणारा गट त्या ओढ्यावर वर्षभर गेलेलाच असू शकतो.

टेकड्यांचं तर हे तातडीचं आहे. १९९७ मध्ये शहरात आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. जमीनमालकांना मोबदला कसा द्यायचा, हे घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं आहे. मधल्या काळात टेकडीचा पायथा दर पावसाळ्यानंतर थोडा आत सरकतो. आधी मुरूम, मग पत्र्याची शेड, मग विजेचा खांब. हे उपग्रहाच्या चित्रात दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रोज त्या वाटेने जाणाऱ्याला मुरुमाच्या पहिल्या ढिगालाच कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवताला वणवा लागतो तेव्हाही फांद्या घेऊन धावणारी माणसं रोजची फिरणारीच असतात. आणि टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती–पौड फाटा रस्त्याच्या विरोधात १५ एप्रिल २०२३ ला हजारो पुणेकर वेताळ टेकडीसाठी चालले, त्यांना तिथे कुणा पाहुण्याच्या भाषणाने आणलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांच्या पायाखाली ती टेकडी होती. त्या दिवशी मला माझ्या शाळेतली चार मुलं गर्दीत भेटली. आता ती लहान राहिली नाहीत, नोकरी करतात. ती चाळिसांमधली नव्हती. दर शनिवारी माझ्यासोबत वर येणाऱ्या आठ जणांमधली होती.

शाळांबद्दल एवढंच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला, पुस्तक आलं, गुण आले, प्रकल्पवही आली. प्रकल्पवहीतली चित्रं दुकानात तयार मिळतात. मी कितीतरी वह्या तपासल्या आहेत ज्यांत शार्क होता, पेंग्विन होता आणि शाळेच्या फाटकातला वड नव्हता. २०२१ पासून राज्यात पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून कायद्याचं संरक्षण आहे. शाळेने आपल्या परिसरातली अशी झाडं शोधावीत, एकेका वर्गाने एकेक झाड बारा महिने बघावं: पानं कधी गळली, पालवी कधी आली, फळं कुणी खाल्ली, ढोलीत कोण राहतं, बुंध्याभोवती सिमेंट कधी ओतलं गेलं. त्यासाठी बस लागत नाही, शिबिराची फी लागत नाही.

गणेश मंडळांनी हे काम हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. निसर्गाची आवड असलेल्या पुष्कळांना मंडळं म्हणजे आवाज आणि गर्दी वाटते. मला तसं वाटत नाही. मंडळाकडे जागा असते, पोरं असतात, पावतीपुस्तक असतं, गल्लीतल्या प्रत्येक घराची ओळख असते, आणि दर वर्षी त्याच जागी मांडव घालायची सवय असते. विसर्जनानंतर शाडूची माती गोळा करून ती पुन्हा मूर्तिकारांकडे पोहोचवणारी 'पुनरावर्तन' ही मोहीम याच शहरात उभी राहिली, आणि लोकांनी ती उचलली. एकेका मंडळाने जवळचा एक ओढा, एक विहीर किंवा एक जुना वड बारा महिन्यांसाठी आपला मानला, तर पुण्यात अनोळखी ओढा राहणार नाही.

गेल्या ५ जूनला आमच्या टेकडीच्या पायथ्याशी मांडव होता, ध्वनिक्षेपक होता, रोपांचं वाटप झालं. मी गेले होते. एक करंज मिळालं, ते सोसायटीच्या कुंपणाला लावलं आहे आणि जगलं आहे. दुसऱ्या दिवशी, ६ जूनला, आम्ही पाच जण वर गेलो. मावशी, त्यांचा नातू, मी, आणि दोन नेहमीचे. मांडवाचे बांबू अजून पडलेले होते. नातवाच्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: "चातक ओरडला, दोनदा. मोर ऐकू आला, दिसला नाही. जुने खड्डे मोजले, सत्तावीस. अकरा खड्ड्यांत गवत परत आलं आहे. आषाढ आमरी अजून नाही. आजी म्हणते पुढच्या आठवड्यात." खाली तारीख आहे, आणि पुढच्या शनिवारची वेळ. आठ वाजता, नळ गेल्यावर.